मीठ झोंबत नाही

बाबा आले ते एका चपलेनिशी. लॅबच्या दारात उभं राहून त्यांनी काउंटरवरच्या भाविकाला "बाय हाय का आमची?" असं विचारलं, आणि मी आतून येईपर्यंत भाविका त्यांच्या पायांकडेच बघत होती. उजव्या पायात नेहमीची काळी चप्पल. डाव्या पायात डॉक्टरांनी मुद्दाम मागवून दिलेली जाड तळाची सँडल असायला हवी, तिथं नुसतं बँडेज, आणि तेही खालून डांबरानं काळं झालेलं. "बाबा, सँडल कुठाय?" मी विचारलं. त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "व्हती की," ते म्हणाले, "यस्टीत चरलो तवा व्हती." अलिबागच्या स्टँडपासून आमच्या लॅबपर्यंत मधे सगळी बाजारपेठ लागते. नवरात्र संपल्यावरचं ऊन, रस्ता असा तापलेला की स्कूटर लावताना मी चपलेतूनही पाय टेकवायला घाबरते. तेवढं सगळं ते चालत आले, वाटेत कुणाशी तरी गप्पा मारल्या, माझ्यासाठी केळी घेतली, आणि आपल्या एका पायात काही नाही हे त्यांना माझ्याकडून कळलं.

चप्पल सगळ्यांची हरवते. देवळाबाहेर हरवते, लग्नात हरवते, समुद्रावर पोरांची वाहून जाते. पण ती नसल्याचं पायाला पहिल्या पावलाला कळतं. मला एकदम रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण भाविका समोर होती आणि बाबा हसत होते. "गेली त गेली," म्हणाले, "तशी पन जडच व्हती." मी त्यांना आतल्या बाकावर बसवलं, काळं झालेलं बँडेज वरून स्वच्छ कापडानं गुंडाळलं आणि रक्त काढायला घेतलं. दंडाला पट्टा बांधला तसे त्यांनी डोळे गच्च मिटले. पासष्टी ओलांडलेला माणूस, निम्मं आयुष्य डंपर चालवलेला, पण सुई म्हटली की डोळे मिटणार आणि टोचल्याबरोबर "आय गं!" करून ओरडणार. आजही ओरडले. बाहेर बसलेल्या दोघी बायका हसल्या. हाताला त्यांना सगळं कळतं. हात अजून शाबूत आहे.

दोन नळ्या भरल्या, दोन्हींवर बाबांचं नाव लिहिलं, काळूराम. एक यंत्रात गेली, सीआरपीसाठी; अंगात जंतूंनी किती दाह केलाय ते तो आकडा सांगतो. दुसरी काळ्या बुचाची, तिच्यातलं रक्त मी काचेच्या बारीक उभ्या नळीत चढवलं आणि स्टँडला लावलं. याला ईएसआर म्हणतात. मोठ्या शहरांत हेही यंत्रंच करतात, आमच्याकडे अजून नळी आणि घड्याळ. रक्त तासभर उभं ठेवायचं. लाल पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी सुटतं. तासाभरात लाल किती खाली उतरलं ते मोजायचं, बस्स. धडधाकट माणसाचं रक्त आळशी असतं, जेमतेम उतरतं. अंगात कुठे पू असला, हाड सडत असलं, की पेशी एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन भराभर खाली जातात. नळी हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, तिरकी तर मुळीच ठेवायची नाही. तिरक्या नळीत रक्त जास्त उतरतं, खोटं उतरतं. मी दोनदा बघितलं. नळी सरळ होती.

"तास लागंल ना?" बाबांनी विचारलं. आता त्यांनाही सगळं माहीत झालंय. "मंग मी भायेर बसतो. तू तुजं काम कर." आपली कापडी पिशवी उचलून, एकच चप्पल वाजवत ते बाहेर गेले. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही.

डॉक्टर यशोधन माणूस वाईट नाही. चौलकडचे, नारळीपोफळीच्या वाडीत वाढलेले, कधी आवाज चढत नाही, आणि वाईट बातमी सांगताना तर इतके हळू बोलतात की पुन्हा विचारावं लागतं. दीडएक महिन्यापूर्वी त्यांनी बाबांच्या तळव्यावरच्या भोकात एक बारीक सळई घातली होती. मी शेजारी उभी होते. सळई आत गेली, आणखी आत गेली आणि कशाला तरी टक्‌कन लागली. तो आवाज मी ऐकला की मला नुसता वाटला, हे अजून ठरत नाही. "हे हाड," डॉक्टर म्हणाले. बाबा छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा जरा डुलतोय, कुणाला तरी सांगून घट्ट करून घ्या, असं त्यांनी डॉक्टरांना सुचवलंसुद्धा. एक्स-रेत तेव्हा काही दिसत नव्हतं. हाड सडायला लागलं तरी फोटोत यायला आठवडे जातात, तोवर रक्ताला विचारायचं, असं डॉक्टर म्हणाले. रक्तानं सांगितलं. सीआरपी नव्वदच्या वर, ईएसआर शंभराच्या पुढे. ईएसआर सत्तरच्या वर आणि सळई हाडाला लागतेय, म्हणजे हाडात शिरलंय असंच धरून चालायचं. मग पेणच्या दवाखान्यात सहा आठवडे रोज शिरेतून औषध. ते परवा संपलं. जखम तशीच आहे, आणि नव्या फोटोत हाडाची कड उंदरानं कुरतडावी तशी दिसतेय. आता रक्तानं साथ दिली, सत्तरच्या आत आलं, तर पाय ठेवून आणखी काही दिवस लढता येईल. नाही तर पोटरीच्या मध्यावरून कापायचा. "थांबलो तर गुडघा जाईल, आणि मग माणूस," असं ते म्हणाले तेव्हा मात्र मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

सीआरपी यंत्रानं आधी दिला. आठ. मी "आठ" असं मोठ्यानं म्हणाले. नव्वदवरून आठ. मी चक्क दारापर्यंत गेले, बाबांना सांगायला. दाराच्या काचेतून ते दिसले. माझ्यासाठी आणलेल्या केळ्यांतलं एक भाविकाला देत होते, ती नको नको म्हणत होती. तिथंच मी थांबले. कारण डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं होतं. सीआरपी लवकर उतरतो, तो वरच्या मांसाचं सांगतो. हाड हट्टी असतं, त्याच्यासाठी ईएसआर बघायचा. मग मी स्वतःशीच वकिली सुरू केली. अंगात रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो, किडनी दमली असली तरी वाढतो, बाबांचं दोन्ही आहे. म्हणजे वर आला तर हाडामुळेच आला असं नाही. पण खाली आला तर खालीच आला. अशी दोन्हीकडून बाबांचीच बाजू घेत मी टेबलाशी परत आले. नळीच्या वरच्या टोकाला पिवळं पाणी सुटायला लागलं होतं. एवढ्या लवकर सुटायला नको होतं.

मी स्टूल ओढून समोर बसले. खरं तर बसून बघायची काही गरज नसते, घड्याळ लावून माणूस दुसरी कामं करतो, मीही रोज करते. पण आमच्या घरात सगळे आयुष्यभर हेच करत आलेत, पाणी उभं करून खाली काय बसतंय ते बघत. पेणच्या बाजूला खाडीला लागून आमचं मिठागर होतं. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हानं ते जड होत जायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. बाबा काठावर उकिडवे बसून राहायचे. घाई केली की मीठ बारीक येतं म्हणायचे. मी लहान असताना बांधावरून धावता धावता माझ्या टाचेत कालवाचं शिंपलं घुसलं. रक्त धो धो वाहायला लागलं. बाबांनी मला काखोटीला मारलं आणि माझा पाय सरळ शेवटच्या वाफ्यात बुडवला, जिथलं पाणी सगळ्यात खारं. मी अशी किंचाळले की पलीकडच्या आगरातली माणसं कामं सोडून उभी राहिली. "झोंबतंय?" बाबांनी विचारलं. "मंग अजून उघरी हाय. झोंबाचं थांबल त्या दिशी भरली." त्यानंतर रोज संध्याकाळी पाय पाण्यात, रोज माझं रडणं, रोज बाबांचं मान हलवणं. आणि एक दिवस मी पाय आत घातला, दात आवळून वाट बघितली, आणि काहीच झालं नाही. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत नाचत नेलं. आगरात सगळ्यांचेच पाय असे तपासले जायचे. फावडं लागो, काच लागो, मीठ हाच डॉक्टर. आणि ते खरं होतं, मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. जखम भरली की झोंबायचं थांबतं, म्हणून झोंबायचं थांबलं की जखम भरली असं सगळ्यांनी धरलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात कुणाचं काही चुकलं नाही.

बाहेर बाबांचा आवाज येत होता. त्या दोघी बायकांपैकी एकीला ते विचारत होते, कुठल्या तुम्ही. ती थळची निघाली. मग तिचा नवरा कुणाच्या बोटीवर, यंदा मासळी आहे का, असं सगळं सुरू झालं. बाबांना कुठंही बसवा, ते तिथले होतात. मला वाटलं, पाय गेल्यावरही असेच बोलतील. आणि लगेच वाटलं, नाही बोलणार. आमच्या गावात धर्माकाका आहेत, त्यांनाही बाबांसारखाच डायबिटीस, पाय त्या साखरेनंच गेला. पूर्वी त्यांचा आवाज अख्ख्या आळीत ऐकू यायचा. आता ओटीवर खाडीकडे तोंड करून बसतात, येणारा-जाणारा "काय धर्मादादा" म्हणतो आणि ते हात वर करतात. खाडी तिथून हाकेवर आहे. त्यांना कुणी तिथवर नेलेलं मी बघितलं नाही. नेऊन तरी काय करायचं, असं सगळ्यांना वाटत असणार, कदाचित त्यांनाही.

मे महिन्यात माझ्या भावाची, प्रज्योतची, हळद झाली. आम्हा आगऱ्यांकडे लग्नापेक्षा हळद मोठी. बेंजो लागला आणि बाबा असे नाचले, असे नाचले की नवरदेव राहिला बाजूला आणि सगळे मोबाईल बाबांवर. तो व्हिडिओ अजून आमच्या घरच्या ग्रुपवर आहे. मी तो पुन्हा पुन्हा बघते. हल्ली फक्त डावा पाय बघते. एका ठिकाणी ते डाव्या पायावर गिरकी घेतात आणि कुणीतरी शिट्टी मारतं. तेव्हा घुसला असेल, की त्याच्याही आधीच आत होता? दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा ओटीवर आडवे झाले होते आणि आयेला त्यांच्या तळव्यावर काहीतरी चमकताना दिसलं. तिला वाटलं, कुणाच्या तरी साडीची टिकली चिकटली. तिनं पदरानं पुसली. निघेना. नखानं काढायला गेली तेव्हा कळलं की ते खिळ्याचं चपटं डोकं आहे, मंडपाचं कापड ठोकायच्या खिळ्याचं, आणि बाकीचा खिळा आत आहे. बाबा जागे होऊन तिलाच विचारत होते, "काय करतंस गो माज्या पायाला?"

खिळा पक्कडीनं काढला, आणि मग आमच्यात जे करतात ते केलं. बाबांनी वाफ्यातलं खारं पाणी आणून पायावर ओतलं आणि वाट बघितली. झोंबलं नाही. पहिल्याच दिवशी झोंबलं नाही. "काय कातरी हाय बग आपली," तळव्याच्या कातडीवर बोट फिरवत ते आयेला म्हणाले, "एका दिसान भरली." पाऊस लागायच्या आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या आणि रोज ओतत राहिले, रोज भरलेलीच होती. मला कुणी फोन केला नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. साखरेच्या गोळ्या कधी घेत, कधी राहून जात. मग घरात वास यायला लागला, तो आधी आला प्राप्तीला, प्रज्योतच्या बायकोला. नवी नवरी, सासऱ्याच्या पायाला वास येतो हे ती कुणाला सांगणार? तिला वाटलं सुकटीचा असेल. मग वाटलं, आपल्यालाच या घराची अजून सवय नाही. ती सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या लावायला लागली. आये शेजारणींना कौतुकानं सांगत होती, पोरगी किती देवभोळी मिळाली. आषाढात मी माहेरी गेले आणि दारातच मला तो वास आला. उदबत्तीच्या मागे काय आहे ते मला लगेच कळलं, रोज असले वास घेते मी. बाबांनी पाय पुढे केला आणि अभिमानानं म्हणाले, बघ, कवाच भरली.

त्याच दिवशी त्यांना डॉक्टर यशोधनांकडे आणलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून पायाला नायलॉनचा एक बारीक दोरा टेकवला. "लागलं की हो म्हणा, काका." दोरा अंगठ्याला, दोरा टाचेला, दोरा मधे. बाबा डोळे गच्च मिटून, कपाळाला आठ्या घालून, सगळा जीव पायात ओतून बसले होते. एकदाही हो आलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं, "चालू केलं का?" डॉक्टर म्हणाले, झालं. बाबांचं तोंड एवढंसं झालं. मी कधी शाळेत नापास झाले नाही, पण नापास झाल्यावर कसं वाटतं ते मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघून कळलं. मी त्यांना समजावलं. बाबा, झोंबत नाही ते जखम भरली म्हणून नाही, पायातल्या नसा मेल्यात म्हणून. साखरेनं मारल्या. "मंजे झोंबलं असतं तर?" त्यांनी विचारलं. झोंबलं असतं तर बरं होतं, मी म्हणाले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "ज्या दिवशी झोंबेल ना काका, त्या दिवशी मी पेढे वाटीन." असं बोलायला नको होतं त्यांनी. डॉक्टर लोक जाता जाता एखादा गोड शब्द टाकतात आणि विसरतात. बाबा शब्द विसरत नाहीत. तेव्हापासून फोनवर मी पाय कसाय विचारलं की सांगायचे, "अजून नाय झोंबत." असे ओशाळून सांगायचे, की जणू उशीर त्यांच्याकडूनच होतोय.

पिवळं पाणी आता चांगलं बोटभर झालं होतं आणि त्याखाली लाल अजून सरकतच होतं. डोळ्यांना ते सरकताना दिसत नाही. नजर हलवून परत आणली की खाली गेलेलं असतं. आणि तसं बघता बघता मला गेल्या वर्षीचं मीठ आठवलं. आमच्या मिठागरातला आता एकच वाफा उरलाय. बाकीचे बांध फुटले, बाबा डंपर चालवायला लागले, आत तिवरांची झुडपं वाढली, पलीकडच्या अंगाला कंटेनर येऊन उभे राहिले. तो एक वाफा बाबा हट्टानं धरतात, घरापुरतं, सुकटीपुरतं. प्रज्योत पुडीतलं मीठ आणतो, त्याला हे खडे नको असतात. दिवाळी झाली की बाबा वाफ्याचा तळ तुडवायला उतरतात. अनवाणी, टाचेवर जोर देत. पूर्वी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका रांगेत तुडवायची, आता ते एकटेच तुडवतात. चिखल असा घट्ट व्हायला हवा की वर धरलेलं मीठ फळीनं ओढताना माती वर येऊ नये. किती तुडवायचं, असं मी लहानपणी विचारायची. "टाच सांगते," म्हणायचे. गेल्या वर्षी मीठ काळं आलं. फळी ओढली की मिठाबरोबर चिखल. आये म्हणाली, खाडीचं पानीच बिघारलं. प्रज्योत म्हणाला, बंद करा आता हे. मी त्यातलं डबाभर अलिबागला आणलं, पाण्यात विरघळवलं, तळाशी बसलेला गाळ बघितला आणि मीही म्हणाले, पाणीच. वाफ्याच्या काठावर बसून मूठभर काळं मीठ तळहातावर घेऊन बाबा चिवडत राहिले होते. खिळ्याच्या कितीतरी आधी. तेव्हाच टाच बोलायची थांबली होती आणि ते त्यांना एकट्याला कळलं असणार, किंवा कळलंही नसणार. मला वाटतं, कळलं होतं. यंदाही ते म्हणतायत, दिवाळी झाली की उतरणार.

तास भरत आला होता आणि आकडा मला वाचायची गरज नव्हती. तरी मी बसून राहिले आणि मनात आलं, अठ्ठावन्न लिहावं. लॅबच्या डॉक्टर मॅडम दुपारी येऊन रिपोर्टवर सह्या करतात, उभ्या नळ्या परत कोण बघतं. अठ्ठावन्न किती साधा आकडा आहे, कुणाचाही असू शकतो. मग बाबा पाय घेऊन घरी जातील, दिवाळीनंतर त्या पायानं चिखलात उतरतील, आणि होळीपर्यंत तो सडलेला पाय त्यांना घेऊन जाईल, अख्ख्या अंगासकट. आणि खरा आकडा लिहिला तर धर्माकाकांच्या शेजारी आणखी एक माणूस खाडीकडे तोंड करून बसेल. मला बाबा हवे होते, आणि ते बांधावरून चालत येणारे हवे होते, आणि असे बाबा दोन्हीपैकी कुठल्याच आकड्यात नव्हते. नळी तिरकी निघावी असं मला मनापासून वाटलं. तिरकी निघाली तर रक्त खोटं उतरलं असं म्हणता येईल, परत काढता येईल, आणखी एक तास मिळेल. मी खाली वाकून, एक डोळा मिटून बघितलं. सरळ होती. एकशे चार. मी एकशे चार लिहिलं.

कागद घेऊन मी बाहेर आले. त्या दोघी बायका गेल्या होत्या. भाविका फोनवर कुणाला तरी उपाशीपोटी या, उपाशीपोटी या, असं सांगत होती. बाबा बाकावर बसले होते, आणि मी नीट गुंडाळलेलं कापड, बँडेज, सगळं सोडून त्यांनी पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता. मांडीवर पिशवी आणि हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. पाण्याचा तो गढूळ रंग मी लांबूनच ओळखला. आमच्या वाफ्यातलं, उन्हाळ्यात भरून ठेवलेलं.

"बाबा, काय चाललंय हे?"

"झोंबलं गो," ते म्हणाले.

"काय?"

"सकाली घरी वतलं त झोंबलं. तुना मुद्दाम नाय सांगलं. बोललो, तुज्या डोल्यादेखत दाखवू." त्यांचा चेहरा हळदीच्या व्हिडिओत आहे तसा झाला होता. "त्या डाक्टरला फोन कर. त्याला बोल, पेढं आन आता." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून त्यांनी विचारलं, "रगत काय बोललं?"

"एक आकडा चांगला आलाय, बाबा. खूप चांगला."

"आनि दुसरा?"

दिवसभर मी लोकांना आकडे सांगत असते, पण हा कागद मी घडी घालून मुठीत धरला. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग हातातल्या बाटलीकडे. घाईघाईनं म्हणाले, "रगताला काय कलतंय. पाय माजा हाय ना? मना कलंल का रगताला? तूच वत. बग तुज्या हातान."

"अजिबात नाही. ती बाटली द्या इकडे." मी हात पुढे केला. ती त्यांच्या हातातून जावी, एवढंच मला हवं होतं. बाटली आत ठेवायची, मग त्यांच्याजवळ बसायचं, पाय परत बांधायचा आणि बांधता बांधता सांगायचं, एवढं मी ठरवलं होतं. बाबांनी लगेच बाटली माझ्या हातात दिली. पाय स्टुलावर नीट सरळ केला, दोन्ही हातांनी बाकाची कड धरली आणि डोळे गच्च मिटले. तळव्यावरची जखम मला समोर दिसत होती, गोल, तळाशी पांढरी. माझ्या एका हातात कागद होता, दुसऱ्या हातात बाटली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं. मी नुसती उभी होते.

"आय गं!" बाबा ओरडले. दंडाला सुई टोचल्यावर ओरडतात तसेच, अगदी त्याच आवाजात. पाय झटकून मागे घेतला, तोंड वेडंवाकडं केलं. भाविका फोन कानाला तसाच धरून उभी राहिली.

"झोंबलं!" डोळे न उघडताच ते म्हणाले. "झोंबलं गो बाय, लय झोंबलं!"

बाटलीचं बूच मी अजून उघडलंसुद्धा नव्हतं.